बंपरचा काळा रंग उडत नाही

पाच-सहा उन्हाळे उघड्यावर काढलेली गाडी जवळून पाहिली तर तिचं वय दोन ठिकाणी वेगवेगळं दिसतं. पत्रा धुतला-पुसला की अजूनही चकाकतो, कारण त्याच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो आणि ऊन तो झेलतो. बिनरंगाच्या काळ्या प्लास्टिकला असं कवच नसतं. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची बुडं, वायपरखालची जाळी असं सगळं करडं, भुरकट होऊन बसतं. क्विड, डस्टर, पंच अशा गाड्यांना तर हे काळं प्लास्टिक चारी बाजूंनी असतं, त्यामुळे गाडी आहे त्याहून थकलेली दिसते.

यावर दुकानात ढीगभर बाटल्या मिळतात आणि प्रत्येकीवर ‘नव्यासारखं’ हा शब्द असतोच. त्यातली कोणती घ्यायची हे ठरवण्याआधी एक गोष्ट कळली तर बरेच पैसे वाचतात. प्लास्टिकचा काळा रंग कुठेही गेलेला नसतो. तो आत जिथल्या तिथे असतो, फक्त आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

हे प्लास्टिक कोणतं?

या काळ्या प्लास्टिकची, म्हणजे क्लॅडिंगची, पट्टी कधी काढावी लागली तर उलटी करून पाहा. आतल्या बाजूला दोन टोकदार कंसांमध्ये काही अक्षरं उठावात दिसतात. बऱ्याचदा ती ‘पीपी+ईपीडीएम-टीडी २०’ अशा धर्तीची असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे कृत्रिम रबर. धक्का बसल्यावर बंपर तडकू नये, वाकून परत यावा म्हणून ते मिसळतात. टीडी २० म्हणजे २० टक्के टाल्क, आपलं शंखजिरे. त्याने पट्टीला ताठपणा येतो आणि साच्यातून निघाल्यावर ती फार आकसत नाही.

पॉलिप्रॉपिलीन आपल्या घरात आधीपासून आहे. मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या त्याच्याच. अंगणात वर्षानुवर्षं पडून राहिलेली अशी खुर्ची आधी खडूसारखी पांढरट होते, हात फिरवला की भुकटी लागते आणि एक दिवस कुणीतरी जरा टेकून बसलं की तिचा पाय मोडतो. गाडीच्या बंपरवरही हेच घडत असतं. गाडीसाठी वापरलेल्या मालात ऊन झेलणारी रसायनं जास्त असतात, म्हणून वेग कमी असतो एवढंच.

ऊन नेमकं काय करतं?

सूर्यप्रकाशातले २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण या प्रकरणातले मुख्य आरोपी. पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी, आणि त्या साखळीतल्या एकाआड एक कार्बनला एक फांदी असते. फांदीच्या जागचा हायड्रोजन सहज सुटतो. तो सुटला की हवेतला ऑक्सिजन तिथे घुसतो, साखळी तुटते आणि तुटताना शेजारच्या साखळीलाही बिघडवते. साखळ्या आखूड झाल्या की वरचा थर ठिसूळ होतो, आकसतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. अधूनमधून अडकलेले शंखजिऱ्याचे कणही उघडे पडतात. ते मुळातच पांढरे.

कारखान्यात याची तजवीज केलेली असते. अतिनील किरणांनी सुरू होणारी ही तोडफोड थांबवणारे स्टॅबिलायझर प्लास्टिकमध्ये घातलेले असतात, पण ते खर्च होत जातात. दुसरा राखणदार म्हणजे काळा रंग स्वतः. तो कार्बन ब्लॅकचा, म्हणजे अतिसूक्ष्म काजळीचा असतो आणि काजळी अतिनील किरण शोषून घेते. शेतातल्या ठिबकच्या नळ्या, पाण्याचे एचडीपीई पाइप, गच्चीवरच्या टाक्या काळ्या असतात त्या याचसाठी. एचडीपीई पाइपमध्ये कार्बन ब्लॅक अडीच टक्क्यांच्या आसपास असावा असं भारतीय मानकच सांगतं. काजळीमुळे ऊन खोलवर जात नाही; बिघडतो तो मिलिमीटरच्या अंशाएवढा वरचा पापुद्रा. मात्र आपल्याला दिसतो तोही तेवढाच.

आता करडेपणा. बर्फाची लादी बरीचशी आरपार दिसते, पण गोळेवाल्याने तीच किसली की पांढरीशुभ्र होते. बर्फ तोच असतो, प्रकाश उधळायला पृष्ठभाग मात्र असंख्य झालेले असतात. बंपरच्या वरच्या पापुद्र्यात भेगा पडल्या की प्रकाश तिथूनच चहूकडे विखुरतो, आतल्या काळ्यापर्यंत जाऊन शोषला जात नाही, म्हणून डोळ्याला करडं दिसतं. भेगांमध्ये हवा असते. हवेच्या जागी दुसरं काही भरलं, आणि त्याचा अपवर्तनांक प्लास्टिकच्या जवळचा असला, की विखुरणं थांबतं आणि काळा रंग पुन्हा दिसतो. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, खाद्यतेलाचा साधारण १.४७ आणि पॉलिप्रॉपिलीनचा १.४९. म्हणून पाण्याने बंपर काळा दिसतो आणि तेलाने आणखी काळा दिसतो.

इथून पुढचं सगळं यावरूनच ठरतं. दुकानातल्या साऱ्या बाटल्या भेगा भरण्याचंच काम करतात. त्यांच्यातला फरक भरलेला माल किती दिवस तिथे टिकतो, एवढाच आहे.

ओल्या फडक्याची परीक्षा

काही विकत घेण्याआधी भाग साबणाने धुऊन घ्या आणि ओला असतानाच पाहा. सगळीकडे एकसारखा काळा दिसला तर समजा पृष्ठभाग खरखरीत झालाय आणि भेगा भरून काम होईल. ओला असूनही कुठे पांढरे ठिपके, ओघळ किंवा कडा दिसत असतील तर तो डाग आहे आणि त्याचा उपाय वेगळा.

बोअरच्या जड पाण्याने गाडी धुणाऱ्यांकडे हे डाग हमखास असतात. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून फडक्याने लावा, मिनिटभर थांबा, भरपूर पाण्याने धुवा. क्षार असतील तर डाग जाईल. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पत्र्याला लावलेलं पॉलिश. ते शेजारच्या काळ्या प्लास्टिकवर सांडतं, खडबडीत नक्षीच्या खाचांत बसतं आणि वाळून पांढरं होतं. त्यावर आणखी पॉलिश घासू नका. पांढरं खोडरबर फिरवा, उरलंसुरलं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या मऊ टूथब्रशने काढा. पुढच्या वेळी पॉलिश करण्याआधी प्लास्टिकच्या कडेने मास्किंग टेप लावली की ही हमालीच उरत नाही.

जाता जाता, जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. विक्रीला ठेवलेल्या गाडीच्या बंपरवर काळं ड्रेसिंग मारलेलं असतंच. वायपरखालच्या जाळीच्या कोपऱ्यांत आणि आरशाच्या बुडाच्या खालच्या बाजूला मात्र हात पोचलेला नसतो. गाडी किती उन्हात राहिली हे तिथे कळतं.

तेल, रॉकेल, बूटपॉलिश

खोबरेल किंवा गोडेतेल लावलं की बंपर क्षणात काळा होतो, हे खरं आहे आणि का होतो ते वर आलंच. पण तेल भेगांमध्ये नुसतं पडून असतं. त्यावर धूळ बसून दोन दिवसांत चिखलाचा लेप होतो, पहिल्या जोराच्या पावसात ते वाहून जातं आणि उन्हात खवट, चिकट होतं. रॉकेल आणि डिझेल याहून वाईट. ही पेट्रोलियम द्रव्यं प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या ईपीडीएम रबरात शिरून ते फुगवतात. दारांच्या रबरी पट्ट्याही त्याच रबराच्या असतात. बूटपॉलिशमध्ये मेण आणि रंग असतो, त्यामुळे दोन-चार दिवस छान दिसतं आणि मग गाडीला टेकणाऱ्याची पँट काळी होते.

थिनरला हात लावू नये. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातला थिनर पॉलिप्रॉपिलीनला फारसं काही करत नाही, पण शेजारचा भाग एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचा असला तर तो मऊ होऊन चिकट बनतो, आणि पत्र्याच्या रंगावर पडला तर मामला महागात जातो.

बाटल्यांमधला फरक

दुकानातला माल ढोबळमानाने तीन जातींचा. पहिली जात ड्रेसिंगची. बहुतेक ड्रेसिंगमध्ये सिलिकॉन तेल असतं. दुधासारखं पांढरं दिसतं ते पाण्यात मिसळलेलं, पारदर्शक आणि तेलकट असतं ते द्रावकातलं. पाण्यातलं कमी चमकतं आणि कमी धूळ धरतं, द्रावकातलं जरा जास्त टिकतं आणि जास्त तुकतुकीत दिसतं. दोन्ही काही धुण्यांचे सोबती. वॉशिंग सेंटरवाला गाडी परत देताना बंपरवर फिरवतो ते यातलंच, आणि बऱ्याचदा टायरसाठी आणलेल्या कॅनमधलं. गाडी जेमतेम भुरकट झाली असेल आणि महिन्यातून एकदा स्वतः हात फिरवायची हौस असेल तर पाण्यातलं ड्रेसिंग पुरेसं आहे.

दुसरी जात रंग असलेल्या रिस्टोररची. यात भेगा भरणाऱ्या द्रव्याबरोबर काळा रंगही असतो. फार करड्या झालेल्या भागाला ते उपयोगी पडतं आणि काही महिने टिकतं. पण ते फक्त काळ्या प्लास्टिकसाठी. तुमच्या गाडीचं ट्रिम मुळातच गडद राखाडी असेल तर पट्टा मारल्यासारखं दिसेल. हातमोजे घाला, नखांच्या कडा आठवडाभर साक्ष देत राहतात.

तिसरी जात कोटिंगची, ज्याला दुकानदार सरसकट ‘सिरॅमिक’ म्हणतात. ही सिलिकॉनवर आधारित रेझिन असतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन ती घट्ट होतात आणि भेगांमध्ये पातळ, कडक थर म्हणून राहतात. पाण्याने किंवा साध्या शॅम्पूने ती निघत नाहीत. यात एक गंमत आहे. कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनवर काहीच धड चिकटत नाही. तेच उन्हाने ऑक्सिडाइझ झालं की त्याचा पृष्ठभाग इतर पदार्थांना जास्त धरून ठेवू लागतो. म्हणजे ज्या बिघाडावर आपण उपाय करतोय तोच उपायाला थोडा हातभार लावतो. डब्यावर दोन वर्षांचा दावा असेल तर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या गाडीला मी त्यातला निम्माच धरतो. तरीही घरी करायचं असेल तर मेहनतीचा मोबदला यातच मिळतो.

आधी धुणं

कोटिंग लवकर गेल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं धुणं अपुरं असतं. भेगांमध्ये आधीच जुनं सिलिकॉन, रस्त्यावरचं तेल आणि धूळ बसलेली असेल तर नवा माल तिच्यावर चिकटतो आणि तिच्याबरोबर निघतो. म्हणून घाईने लावण्यापेक्षा धुण्याला अर्धा दिवस दिलेला बरा.

सावलीची जागा आणि सकाळची वेळ निवडा. प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे. प्रथम नुसत्या पाण्याने माती उडवा, मग कार शॅम्पूने एकदा धुऊन घ्या. कपड्यांची पावडर वापरू नका, ती शेजारच्या पत्र्यावरचं मेणही उतरवते. आता खरं काम. ऑल पर्पज क्लीनर पाण्यात एकास दहा किंवा बाटलीवर सांगितलंय त्या प्रमाणात मिसळा, हातभर लांबीच्या भागावर फवारा आणि मऊ केसांच्या ब्रशने गोल गोल घासा. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. पहिला फेस तपकिरी-काळा निघेल. फेस वाळू न देता धुवा आणि पुन्हा तेच करा. स्वच्छ पांढरं फडकं फिरवून पाहा. ते पांढरंच राहीपर्यंत थांबू नका. भांड्यांची हिरवी घासणी किंवा तारेचा ब्रश मात्र नको. त्याचे ओरखडे प्लास्टिकच्या नक्षीत कायमचे राहतात.

पुढची पायरी वाळवण्याची, आणि फजिती इथेच होते. पट्ट्यांच्या मागे, क्लिपांच्या भोकांत पाणी साठलेलं असतं आणि कोटिंग लावून झालं की ते ओघळत बाहेर येतं. ब्लोअर असेल तर फटींतून वारा मारा, नसेल तर गाडी एक चक्कर मारून आणा आणि दोन तास उभी ठेवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून सगळा भाग पुसून घ्या. आता प्लास्टिक पूर्वीपेक्षाही पांढरं दिसेल. घाबरू नका, त्याच्या अंगावरचं उसनं तेज गेलंय एवढंच.

लावताना

पत्र्याच्या आणि काचेच्या कडेला मास्किंग टेप लावा. कोटिंग पत्र्यावर वाळलं तर ते घासून काढावं लागतं. फोमच्या ठोकळ्याला कापड गुंडाळून त्यावर चार-सहा थेंब घ्या. एक-दीड फुटाच्या भागावर आधी आडवं, मग उभं पसरवा. पातळ लावणं महत्त्वाचं; जास्त माल म्हणजे जास्त काळा नव्हे, जास्त डागाळलेला. दोन मिनिटांनी मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने जादाचं टिपून घ्या आणि पुढच्या भागाकडे जा. मागे वळून उजेडाकडे तिरकं पाहायची सवय ठेवा. कुठे इंद्रधनुषी किंवा ओला ठिपका राहिला असेल तर तो लगेच पुसता येतो, दुसऱ्या दिवशी नाही. फार करडं झालेलं प्लास्टिक पहिला हात पिऊन टाकतं, तिथे तासाभराने दुसरा द्यावा.

त्यानंतर २४ तास पाणी लागू देऊ नका, आठवडाभर शॅम्पू नको. हे गणित पाहता महाराष्ट्रात या कामाला फेब्रुवारीसारखा महिना नाही. पावसाची धास्ती नसते, मेमधल्यासारखं द्रावक हातातच उडून जात नाही आणि कडक उन्हाळ्याआधी कवच तयार होतं. जुलैत दमट हवेमुळे कोटिंग इतकं पटकन घट्ट होतं की टिपायला वेळच मिळत नाही. त्याच कारणाने एकदा उघडलेली बाटलीही ठेवणीतली नव्हे. ओलावा आत शिरला की ती बाटलीतच दगड होते.

हीट गनचा चमत्कार

मोबाइलवर ही चित्रफीत बहुतेकांनी पाहिलेली असते: करड्या बंपरवरून हीट गन फिरते आणि मागे काळा पट्टा उमटत जातो. यात लबाडी नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं. वरचा पापुद्रा वितळला की भेगा बुजतात आणि पृष्ठभाग पुन्हा सलग होतो. पण वापरून संपलेले स्टॅबिलायझर त्याने परत येत नाहीत, त्यामुळे करडेपणा परततो, आणि आधीपेक्षा लवकर. शिवाय गनच्या तोंडाशी तापमान ३०० अंशांच्या वर असतं. हात क्षणभर रेंगाळला की नक्षी सपाट होऊन चकचकीत डाग पडतो, पट्टी वाकते, शेजारचा रंग फुगतो. सुटी काढलेली, नाहीतरी बदलायचीच अशी पट्टी असेल तर हौस करून पाहावी. गाडीवर बसलेल्या भागावर मी तरी करणार नाही.

रंग द्यायचा की बदलायचं?

गॅरेजवाला ‘काळा मारून देतो’ म्हणाला तर एकच विचारा: प्लास्टिकचा प्रायमर लावणार का? पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावरून ज्योत फिरवण्यासारखी प्रक्रिया करून पृष्ठभाग तयार करतात. गॅरेजमध्ये त्याच्या जागी चिकटपणा आणणारा खास प्रायमर लागतो. तो टाळून नुसता काळा स्प्रे मारला तर पहिल्या प्रेशर वॉशला पोपडे निघतात, आणि पोपडे निघालेलं प्लास्टिक करड्यापेक्षा कितीतरी वाईट दिसतं.

पृष्ठभागावर डोळ्यांना दिसणाऱ्या भेगा असतील, नख ओढल्यावर भुकटी निघत असेल किंवा क्लिपांचे खुंट मोडले असतील तर भाग बदलण्याचाच विचार करा. वायपरखालची जाळी किंवा दाराची पट्टी यांसारखे छोटे भाग बऱ्याच गाड्यांचे सुटे मिळतात आणि डिटेलिंगवाल्याच्या बिलापुढे ते स्वस्त पडू शकतात. काढायला दुपारची वेळ बरी. उन्हाने तापलेलं जुनं प्लास्टिक थोडं लवचिक असतं. पहाटेच्या गारव्यात क्लिपा पटापट मोडतात. नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा. अगदी स्वस्त डुप्लिकेट भाग घेताना एवढं लक्षात असू द्या, की बचत स्टॅबिलायझरवर केलेली असली तर ती काउंटरवर दिसत नाही.

कुठे लावू नये

दार-खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं, ते लावा. पियानो ब्लॅक म्हणतात तो चकचकीत काळा भाग करडा होत नाही, त्यावर ओरखडे येतात. त्याला पॉलिशिंग कंपाउंड लागतं. पिवळट झालेल्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची, तिचं शास्त्र निराळं.

स्टिअरिंग, पेडल, दुचाकीची सीट आणि फूटरेस्ट, टायरचा रस्त्याला लागणारा भाग, ब्रेकची डिस्क यांपैकी कशावरही ड्रेसिंग उडू देऊ नका. हे भाग घसरडे झाले तर विषय दिसण्याचा राहत नाही. वायपरखालची जाळी करताना स्प्रे थेट न मारता फडक्यावर घ्या, नाहीतर सिलिकॉन वायपरच्या रबराला लागतं आणि पहिल्या पावसात काचेवर तेलकट पट्टे उमटतात. आणि गाडी रंगकामाला टाकणार असाल तर प्लास्टिकवर काय लावलंय ते पेंटरला आधीच सांगा. सिलिकॉनचा अंशही पत्र्यावर राहिला तर ताजा रंग तिथे धरत नाही, गोल गोल खळगे पडतात, ज्यांना पेंटर ‘फिश आय’ म्हणतात, आणि तो भाग घासून पुन्हा रंगवावा लागतो.